नागिणीचा डूख आणि चौथीतली मुलगी

एका वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात: "आमचे घर सातारा जिल्ह्यात, शेतावर आहे. गेल्या महिन्यात गोठ्यात कडब्याच्या गंजीपाशी नाग निघाला. म्हैस जवळच बांधलेली होती. यजमानांनी घाबरून तो काठीने मारला. चौथीतली आमची मुलगी तेव्हा दारात उभी होती. पुढे दोन आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी, तिने आजीबरोबर टीव्हीवर १९७६ चा 'नागिन' हा हिंदी चित्रपट पाहिला, आणि त्या दिवसापासून ती रात्री झोपत नाही. मेलेल्या नागाच्या डोळ्यांत बाबांचे चित्र उमटले असेल आणि नागीण आता घरातल्या कोणाचेही रूप घेऊन येईल, असे ती म्हणते. रात्री कुशीत येण्याआधी ती मला एक प्रश्न विचारते, ज्याचे उत्तर फक्त तिच्या खऱ्या आईलाच माहीत असेल. काल विचारले, माझ्या बालवाडीच्या डब्याचे झाकण कशाने फुटले होते? गेल्या आठवड्यात त्याच गोठ्यात दुसरा साप दिसला. तेव्हापासून सासूबाईंनी त्र्यंबकेश्वरला जाऊन नागबळी करण्याचा धोशा लावला आहे. यजमान या विषयावर अवाक्षर काढत नाहीत. मुलीची समजूत कशी घालावी? टीव्ही बंद करावा का? पूजेला होकार द्यावा का?"

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचल्यावर डब्याच्या झाकणाचा तो प्रश्न माझ्या मनातून बराच वेळ गेला नाही. नऊ वर्षांच्या मुलीने आपल्या भीतीवर स्वतःच शोधून काढलेला हा उपाय आहे, आणि खरे सांगायचे तर तो अत्यंत तर्कशुद्ध आहे: नागीण रूप घेऊ शकत असली तरी आठवणी घेऊ शकणार नाही, हे तिने कोणाच्याही मदतीशिवाय ताडले आहे. तेव्हा आपली मुलगी भित्री आहे किंवा तिला काही समजत नाही, हा विचार प्रथम मनातून काढून टाकावा. तिने चित्रपट फार नीट पाहिला आहे आणि अडचणही तिथेच आहे.

त्या चित्रपटाची मांडणी आठवून पाहा. राजकुमार कोहली यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात रीना रॉय आणि जितेंद्र ही इच्छाधारी नाग-नागिणीची जोडी आहे आणि सुनील दत्त, फिरोज खान, संजय खान, विनोद मेहरा, कबीर बेदी, अनिल धवन अशी त्या काळातील नामवंत नटांची रांग मित्रमंडळींच्या भूमिकेत आहे. त्यांतील एक मित्र गैरसमजातून गोळी झाडतो, नाग मरतो, नागीण त्याच्या डोळ्यांत मारेकऱ्यांचे चेहरे पाहते आणि मग एकेकाला गाठते. ओळखीच्या स्त्रीचे रूप घेऊन ती जवळ येते, त्यामुळे प्रेक्षकाला प्रत्येक आपुलकीच्या चेहऱ्याचा संशय येऊ लागतो. तुमच्या मुलीला आज तुमचा येतो तसाच. परंतु ही भीती या कथेची एकच बाजू आहे. नाग मरतो त्या क्षणी प्रेक्षकाचे मन नागिणीकडे जाते. गोळी गैरसमजातून सुटली असली तरी कोणी निरपराध जिवानिशी गेला आहे, ही जाणीव तो चित्रपट पुढे कधीच पुसू देत नाही. मुलगी आजीच्या शेजारी बसून नागिणीसाठी हळहळली असणार, आणि हळहळता हळहळता तिला आठवले असणार की काठी बाबांच्या हातात होती.

म्हणून मला वाटते की सापांना डूख धरता येत नाही, हे तुम्ही तिला कितीही वेळा सांगितले तरी ते पुरणार नाही. ते खरे आहे आणि सांगायलाही हवे; पण नागीण येईल का, या तिच्या प्रश्नाच्या आत दुसरा प्रश्न दडलेला आहे, बाबांनी चूक केली का? त्याचे उत्तर तिला तुमच्याकडून मिळू शकत नाही. ज्यांच्याकडून मिळू शकते ते यजमान गप्प आहेत, आणि मुले मोठ्यांच्या मौनाचा अर्थ नेहमी वाईटाकडेच लावतात.

तेव्हा पहिले काम तुमच्या यजमानांचे आहे. त्यांच्याकडून भाषणाची अपेक्षा नको आणि मुलीसमोर त्यांना अपराधी म्हणून उभेही करू नये. दिवसाउजेडी, वैरण घालताना किंवा म्हशीची धार काढून झाल्यावर, गोठ्यातच त्यांनी तिला सहज जवळ बोलवावे आणि चार वाक्ये बोलावीत: "मी त्या दिवशी घाबरलो होतो. तो म्हशीला किंवा तुला चावेल असे मला वाटले. मारायला नको होता, पण त्या वेळी मला दुसरे काही सुचले नाही. पुन्हा निघाला तर आपण लांब उभे राहू आणि माणसे बोलावू." यातील "मारायला नको होता" हे वाक्य गाळू नये. यजमानांना ते जड जाईल, हे मला समजते. शेतावर राहणाऱ्या, गुराढोरांची आणि लेकराबाळांची काळजी वाहणाऱ्या माणसाने काठी उचलली यात नवल काहीच नाही. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार नाग मारणे हा गुन्हा आहे, हेही त्यांना ठाऊक असावे, आणि कदाचित त्यांच्या गप्प बसण्यामागे तेही एक कारण असेल. वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे, गावोगावी सर्पमित्र असतात. पुढच्या वेळी काय करायचे हे आधीच ठरलेले असेल तर काठीकडे हात जाण्याची वेळ येणार नाही.

आता मुलीच्या डोक्यातील त्या डोळ्यांविषयी. तिने मेलेला नाग जवळून पाहिला असेल, तर एक गोष्ट तिच्या नक्कीच ध्यानात आली असेल की त्याचे डोळे उघडे होते. माणूस मेल्यावर डोळे मिटलेले पाहण्याची आपल्याला सवय असते, त्यामुळे ते उघडे डोळे कोणाकडे तरी रोखलेले आहेत असे वाटणे स्वाभाविक आहे. सापाला पापण्याच नसतात. त्याच्या डोळ्यावर काचेसारखा पारदर्शक खवला असतो, आणि कात टाकताना तो खवलाही कातीबरोबर निघून येतो. झोपलेला साप, जागा साप आणि मेलेला साप हे तिघेही सारखेच टक लावून पाहत असल्यासारखे दिसतात. शेतात कधी अखंड कात सापडली तर तिच्या डोक्याकडचा भाग उजेडात धरून मुलीला दाखवा. डोळ्यांच्या जागी दोन गोल, स्वच्छ टिकल्या दिसतील. माझ्या मते तुमच्या शंभर वाक्यांपेक्षा त्या दोन टिकल्या अधिक काम करतील.

डोळ्यांत शेवटचे दृश्य कोरले जाते, ही समजूत मात्र केवळ आपल्याकडची आहे असे समजू नका. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहाण्यासुरत्या माणसांनाही ती खरी वाटत असे, आणि १८७० च्या दशकात हायडेलबर्ग येथील विल्हेल्म क्यूने या शरीरशास्त्रज्ञाने सशांवर तिची परीक्षा घेतली होती. त्यासाठी त्याला सशाला आधी अंधारात ठेवावे लागले, मग काही मिनिटे त्याचे डोळे गजांच्या उजळ खिडकीकडे रोखून धरावे लागले आणि लगेच मारून डोळ्याच्या पडद्यावर रसायनाची प्रक्रिया करावी लागली, तेव्हा कुठे त्या गजांची पुसट खूण उमटली. गोठ्याच्या दारात, धावपळीत, काठी उगारलेल्या माणसाचे चित्र उमटण्याचा प्रश्नच येत नाही. हा सशाचा भाग मुलीला सांगू नका, ती सशासाठी आणखी रडेल. तुम्हाला व सासूबाईंना ठाऊक असावा म्हणून लिहिला.

डूख धरण्यासाठी घटना आठवावी लागते, चेहरा ओळखावा लागतो, वाट पाहावी लागते. सापाच्या मेंदूची ती झेप नाही. आपल्याकडचे नाग जोडीने संसारही करीत नाहीत. विणीच्या हंगामात नर मादीच्या गंधाचा माग काढत येतो आणि त्यानंतर दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. एकमेकांना वेढे घालून, अर्धे अंग उभारून डोलणारे दोन साप पाहिले की आपण ती नाग-नागिणीची प्रणयक्रीडा समजतो, आणि चित्रपटांनी ती समजूत नृत्यात बसवली; पण शेताच्या बांधावर असे दृश्य दिसते तेव्हा पुष्कळदा ते दोन नर धामणींचे बळ आजमावणे असते. पाहणाऱ्याला शृंगार वाटावा आणि प्रत्यक्षात ती कुस्ती असावी, ही गंमत तुमच्या मुलीला नक्की आवडेल.

रात्रीच्या प्रश्नांचे काय करावे? त्यांना हसू नका, चिडू नका आणि "हा वेडेपणा पुरे" असे तर मुळीच म्हणू नका. उत्तर द्या. झाकण कशाने फुटले होते ते तपशिलाने सांगा, त्या दिवशी ती किती रडली होती तेही सांगा. मग तुम्हीही तिला एक प्रश्न विचारा, कारण खरी मुलगी कोणती हे तुम्हालाही कळायला हवे ना! पहारा देण्याचे काम आज ती एकटी करीत आहे. ते दोघींत वाटले गेले की त्याचे ओझे कमी होईल. प्रश्न एकच असावा, दिवा मालवण्यापूर्वी असावा आणि उत्तर मिळाल्यावर पुन्हा विचारायचा नाही असा नियम तिच्याच संमतीने करावा. बाबांनाही एखादा प्रश्न विचारायला सांगा. तिची तयारी दिसली की मग एक रात्र सोडून एक, असे करता येईल. अशी भीती साधारणपणे काही आठवड्यांत ओसरते. तसे झाले नाही, तिचे जेवण तुटले, शाळेत जायला ती नकार देऊ लागली किंवा झोपेत ओरडून उठू लागली, तर बालमानसतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. १४४१६ या सरकारच्या टेलिमानस मानसिक आरोग्य क्रमांकावर मराठीतून बोलता येते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.

टीव्ही बंद करावा का, असे तुम्ही विचारता. माझा सल्ला नेमका उलटा आहे. अर्धवट धास्तीत पाहिलेला चित्रपट मनात वाढत राहतो, आणि बंदी घातली तर तो आणखी वाढेल. आठ-पंधरा दिवसांनी, बाबांशी बोलणे झाल्यानंतरच, आणि तिची इच्छा असेल तर, त्यातील एखादे दृश्य दुपारच्या उजेडात पुन्हा पाहा आणि आवाज पूर्ण बंद ठेवा. पार्श्वसंगीत गेले की भीतीचा निम्मा जीव जातो, हे तुम्हालाही जाणवेल. नंतर आवाज लावून तेच दृश्य पाहा. नागीण स्त्रीचे रूप घेते त्या जागी चित्र थांबवा आणि तिला जोड शोधू द्या: आधी सापाचे चित्रण, मग छायाचित्रण थांबते, मग त्याच जागी नटी उभी राहते. पन्नास वर्षांपूर्वीची ही हातचलाखी आजच्या मुलांना लगेच पकडता येते, आणि एकदा जोड सापडली की मुले पुढचे जोड शोधण्याच्या मागे लागतात.

पुंगीचे रहस्यही तिला सांगण्यासारखे आहे. आपल्याकडे वरातीत बँडवाल्यांनी ती विशिष्ट धून धरली की कोणीतरी काका तोंडात रुमाल धरून रस्त्यावर लोळण घेतो. तुमच्या मुलीनेही तो नागीण डान्स पाहिलाच असेल. ती धून १९५४ च्या, वैजयंतीमाला आणि प्रदीपकुमार यांच्या 'नागिन' या त्याहून जुन्या चित्रपटातील लता मंगेशकरांच्या गाण्यामधून आलेली आहे. हेमंतकुमार त्याचे संगीतकार होते, आणि ज्या पुंगीवर सारा देश डोलला ती मुळात पुंगी नव्हतीच. क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यातून कल्याणजींनी तो नाद काढला होता. सापाला आपल्यासारखे बाहेरचे कान नसतात, त्याला जमिनीतून येणारे कंपन अधिक चांगले कळते, आणि गारुड्यासमोर तो डोलतो तेव्हा सुरावर न डोलता हलणाऱ्या पुंगीच्या टोकावर नजर ठेवून असतो. जिला घाबरून तुमची मुलगी पांघरुणात शिरते ती धून आणि काका रस्त्यावर लोळतो ती धून एकाच कुळातली आहे, हे तिला कळले की ती हसेल, असा माझा अंदाज आहे. श्रीदेवीच्या १९८६ च्या 'नगीना'च्या वेळी आमच्या वाड्यातल्या आम्ही सगळ्या मुली डोळे विस्फारून आरशासमोर उभ्या राहत असू. निळे डोळे कोणाचेच झाले नाहीत, पण आईचा मार मात्र सगळ्यांना बसला. असो.

सासूबाईंच्या बाबतीत थोडे जपून लिहिते. नागाची हत्या घडली तर नागबळी करावा, ही श्रद्धा जुनी आहे; त्र्यंबकेश्वरला तीन दिवसांचा नारायण-नागबळी होतो आणि त्यात कणकेचा नाग करून त्याचे अंत्यसंस्कार केले जातात. त्यांच्या धोशामागे अंधश्रद्धा आहे असे म्हणून विषय संपवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. मारल्या गेलेल्या जिवासाठी काहीतरी करावे, असे तुमच्या घरात मोकळेपणाने म्हणणारी आजवर ती एकच व्यक्ती आहे. कर्ज न काढता, मुलीची शाळा न बुडवता, केवळ त्यांच्या मनाच्या शांतीसाठी जाणे जमत असेल तर मी तुम्हाला अडवणार नाही. मात्र दोन अटी घाला. पूजा केली नाही तर नागीण येईल, हे वाक्य घरात कोणीही उच्चारायचे नाही; कारण मग मुलीच्या मनात पूजा होईपर्यंतची प्रत्येक रात्र धोक्याची ठरेल. आणि दुसरा साप म्हणजे पहिल्याची जोडीदारीण, हा निष्कर्ष मुलीसमोर काढायचा नाही.

त्यांना एक विनंतीही करा. नागपंचमीची कहाणी त्यांना पाठ असेलच. शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ वारुळात शिरतो, नागिणीची पिल्ले मरतात, ती सूड घ्यायला त्याच्या घरी जाते, सगळ्यांना डसते आणि उरलेल्या लेकीला डसण्यासाठी तिच्या सासरी पोहोचते. तिथे लेकीने पाटावर नाग काढलेले असतात, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवलेला असतो. नागीण निवते आणि अमृत देते, आणि ते घेऊन लेक माहेरी जाऊन सगळ्यांना उठवते. तुमच्या घरी घडलेल्या प्रसंगाशी ही कहाणी हिंदी चित्रपटापेक्षा कितीतरी जवळची आहे: चूक बापाच्या हातून नकळत घडते, राग खरा असतो, आणि मार्ग मुलगी काढते. चित्रपटाला शेवटपर्यंत सूडच हवा असतो, कारण त्यावर त्याचा डोलारा उभा आहे. सासूबाईंनी येत्या श्रावणात ही कहाणी नातीला मांडीवर घेऊन सांगावी आणि पाटावरचे नाग तिच्या हातून काढून घ्यावेत. दूध पाटावरच्या नागालाच दाखवावे. जिवंत सापाला दूध पचत नाही, आणि गारुड्याचा साप ते पितो तो तहानेने व्याकूळ ठेवलेला असतो म्हणून.

राहिला गोठ्यातला दुसरा साप. तो नाग होता की दुसरा कोणता, हे तुम्ही लिहिलेले नाही. लांब, पिवळसर तपकिरी, फणा न काढता झपाट्याने पळणारा असेल तर बहुधा धामण असावी, आणि ती बिनविषारी असून उंदरांचा फडशा पाडते. नाग असला तरी तो त्याच जागी येण्याचे कारण गोठ्यातच सापडेल: कडब्याखाली उंदीर, उंदरांची आयती बिळे आणि पावसाने पाणी भरलेली शेतातली वारुळे. गंज गोठ्यापासून दूर, फळ्यांवर उचलून रचा, बिळे बुजवा, पेंड झाकून ठेवा. रात्री गोठ्यात जाताना बॅटरी आणि पायांत बूट हवेतच. घरात कोणी जमिनीवर झोपत असेल तर पावसाळाभर खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपावे, कारण मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. दंश झालाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काही न करता, तो अवयव हलू न देता, १०८ ची गाडी बोलावून प्रतिविष मिळणाऱ्या सरकारी रुग्णालयात जावे. कोणी मांत्रिकाकडे नेण्याचा आग्रह धरला, तर सर्पदंशावर औषधोपचार घेऊ न देता मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, एवढे सांगावे.

ही आवराआवर एखाद्या सुट्टीच्या सकाळी यजमानांनी करावी आणि मुलीला ओट्यावर बसून पाहू द्यावे. काम झाल्यावर गोठ्याच्या दारावर खडूने १९२६ हा आकडा तिच्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. पावसाने पुसला गेला की पुन्हा लिहायची जबाबदारीही तिचीच.